त्वचा ठीक

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाच.

आज चौथा दिवस. तुझे गुडघे दुखावले म्हणून तू हे कामाचं घर सोडलंस आणि पॅकिंगचा कारखाना बंद पडला म्हणून मी ते धरलं. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. तू सांगितलंस तसंच सगळं आहे. खाली लाँड्री, वर दोन खोल्या, मागच्या खोलीत बाई. इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येते आणि भिंती दुपारपर्यंत ओल्या होतात. मालक, म्हणजे बाईंचा मुलगा, दिवसातून दोनदा दारापर्यंत येतो, नाकाला रुमाल लावून विचारतो, "काय, बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत जिना उतरतो. सूनबाई काउंटरवर असतात.

बाईंची डावी बाजू अर्धांगाने गेली हे तू सांगितलं होतंस. तीनच शब्द उरलेत हे नव्हतं सांगितलंस. हो, नको आणि डाग. चाळीस वर्षं लाँड्री चालवली, म्हणून तेवढा एक शब्द वाचला असेल. माझ्या ओढणीकडे बोट करून म्हणतात, डाग. होताच. माझ्याच ओकारीचा.

कारण मी रोज ओकते. सकाळी कवळी काढते तेव्हा तिच्याबरोबर लाळेचा एक दोरा येतो, तो तुटत नाही. मनगटापर्यंत येतो. मग वाटीत बेडका. मग डायपर. मी न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून ओकते, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. परत आले की त्या माझ्याकडे बघतात. ऐकू गेलेलं असतं.

पण मुद्दा वेगळा आहे. परवा त्यांना पुसताना पाठीखाली, माकडहाडावर, कापसाची घडी सापडली. त्यावर पावडरीचा थर. कापूस काढला तर खाली रुपयाएवढा डाग, कडेने लाल, मध्ये जांभळा. बोटाने दाबला तरी रंग फिका होत नाही. तू जाताना कागदावर 'त्वचा ठीक' लिहून गेली आहेस. मग हे कधीचं? आणि कापूस कोणी ठेवला?

रोजच्या नोंदींच्या वहीत 'त्वचा' म्हणून एक रकाना आहे. मी तो चार दिवस रिकामा ठेवलाय. काय लिहू ते कळव. माझे हे तीन महिने परीक्षेचे आहेत. काही चुकलं तर मला इथे पाठवणारं केंद्रच माझं नाव यादीतून काढील, आणि दुसरं काम मला कोणी देणार नाही. तुला माहीत आहे.

ढमी

•

८ फेब्रुवारी

ढमे,

चौथ्या दिवशी ओकते आहेस ना, मग ठीक चाललंय. मी पहिल्याच दिवशी ओकले होते आणि तेही एका म्हाताऱ्याच्या चपलेत. तो बिचारा आठ दिवस एकच चप्पल शोधत होता.

किळस येते म्हणून लाजू नकोस. येत नाही म्हणणारी बाई एक तर खोटं बोलते नाहीतर कामच करत नाही. आता नीट ऐक. तोंडाने श्वास घेऊ नकोस. सगळ्या नव्या मुली नाक बंद करून तोंड उघडतात आणि मग वास जिभेवर बसतो. नाकाला दहा मिनिटांत सवय होते, जिभेला जन्मात होत नाही. दुसरं, घाण काढताना घाणीकडेच बघ. चेहऱ्याकडे बघायचं ते बोलताना. दोन्ही एकदम बघितलंस की संपलीस. वर्गात मी मुलींना हे पहिल्या दिवशी सांगते. माझ्या वर्गात सध्या अकरा जणी आहेत, आठवड्यातून तीन दिवस. केंद्राने रबराची बाहुली दिली आहे, माणसाएवढी. तिची कूस बदलून दाखवते. गुडघे गेले तरी अजून कोणीतरी मला बाई म्हणतं, तेवढं एक आहे.

तो डाग उष्णतेचा. खाली दिवसभर बॉयलर चालतो, वर पलंगावर घाम धरतो. कापूस मीच ठेवला होता, घाम टिपायला. पावडर लावत राहा. हवा लागू दे.

रकाना रिकामा ठेवू नकोस. रिकामा रकाना दिसला की केंद्राची सिस्टर सतरा प्रश्न विचारते. 'त्वचा ठीक' लिही. मागचे चार दिवसही भरून टाक. घरच्यांना घाबरवलंस तर ते पहिलं बोट तुझ्याकडेच दाखवतील. तू नवी आहेस.

आणि त्या माउलीला ऐकू जाईल म्हणून नळ सोडत बसू नकोस. पाणी फुकट जातं.

मावशी

•

१५ फेब्रुवारी

मावशी,

नाकाचं तू सांगितलंस ते खरं निघालं. आता ओकत नाही.

पण त्यामुळे आता एक वास वेगळा कळायला लागलाय. आधी सगळा एकच होता. आता मुताचा, औषधाचा, वाफेचा असा एकेक सुटा करता येतो, आणि या सगळ्यांच्या खाली एक गोडसर वास आहे. फ्रीज बंद पडल्यावर दोन दिवसांनी दार उघडावं तसा. तो पाठीखालून येतो.

डाग फुटला. मध्ये आता काळी खपली आहे आणि तिच्या कडेने ओल येते. मी दोन-दोन तासांनी कूस बदलते. डावी, पाठ, उजवी. खरं तर पाठ गाळतेच. पाठीवर ठेवलं की त्या ओरडतात. ओरडतात म्हणजे, नको नको नको असं न थांबता म्हणत राहतात.

वास सूनबाईंनाही आला असणार. कारण काल त्यांनी फवारणीचा डबा आणून दिला. मोगऱ्याचा. म्हणाल्या, "अहो, दर तासाला एकदा मारत चला. खाली गिऱ्हाईक येतं हो, जिन्यातून सगळं येतं." मी म्हटलं, "वहिनी, एकदा पाठ बघून जा ना." त्या म्हणाल्या, "मला नाही बाई ते बघवत. मी भाकरी कशी गिळू मग? त्यासाठी तर तुम्ही आहात." आणि हसल्या. वाईट नाहीत गं त्या. सासूच्या चादरी रोज स्वतः धुतात. स्वतः खळ घालतात, स्वतः कडक इस्त्री करतात. चादर पसरली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते. "आमच्या आईंना सुरकुती खपत नाही," म्हणतात.

मी आता दर तासाला मोगरा मारते. त्या वासावर मोगरा बसला की काय तयार होतं ते तुला लिहून कळणार नाही.

तेराला सिस्टर आल्या. पंधरवड्यातून एकदा येतात, त्यांची चौदा घरं आहेत. रक्तदाब घेतला, वही उघडली, रकाना बघितला. 'त्वचा ठीक' खाली सही केली. उभ्याउभ्याच. मी तोंड उघडलं होतं. मग तुझं पत्र आठवलं आणि मिटलं.

सिस्टरांना सांगू का? एका ओळीत उत्तर दे. सांगू की नको.

ढमी

•

१९ फेब्रुवारी

ढमे,

मग खळच! आधी का नाही सांगितलंस? तीस वर्षांत खळ घातलेल्या चादरीवर रुग्ण झोपवलेला मी पाहिला नाही. पुठ्ठ्यावर घासून कातडं जाईल नाही तर काय होईल? त्या सुनेला स्पष्ट सांग, चादरी साध्या, मऊ, जुन्या. इस्त्रीची हौस गिऱ्हाइकांवर भागवा म्हणावं.

(मी असताना चादरींना खळ नव्हती. की होती? लक्षात नाही.)

चादरी बदल आणि आठ दिवस थांब. आठ दिवसांत खपली सुकली नाही तर सांग सिस्टरला. मग खळीचं कारण पुढे कर. तुझ्यावरही येणार नाही, कोणावरच येणार नाही.

पाठीवर ठेवू नकोस हे बरोबर करते आहेस.

आणखी एक. माझ्या वेळच्या दोन जुन्या वह्या कपाटात खालच्या फळीवर असतील. भरलेल्या आहेत, आता कोणाच्या कामाच्या नाहीत. रद्दीत देऊन टाक. नाहीतर उगाच झुरळं होतात.

वर्गातल्या एका मुलीने काल बाहुलीच्या तोंडात खरंच पाणी ओतलं. बाहुली पोटातून सडणार आता. सगळ्या हसत होत्या. मीही हसले.

मावशी

•

१ मार्च

मावशी,

सांगितलं.

चादरी बदलल्या. सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण बदलल्या. खपली सुकली नाही. सत्तावीसला सिस्टर आल्या तेव्हा मी रक्तदाबाच्या आधीच बाईंना कुशीवर घेतलं आणि पट्टी काढली. सिस्टरांनी हातमोजे चढवले, खपलीची कड दाबली. ती सरकली, मावशी. सायीसारखी सरकली आणि आतून जे आलं ते वाटीत धरावं लागलं. खाली खड्डा आहे. सिस्टरांचं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं. आत तळाशी काहीतरी पांढरं दिसलं. मी विचारलं नाही. वाटी मीच धरली होती. ती कोमट होती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे आठ दिवसांचं नाही. महिन्यांचं आहे. आणि तुम्ही सव्वीस दिवस 'त्वचा ठीक' लिहिलंय."

मी म्हटलं, "हो."

"का?"

मी सांगितलं नाही का ते.

आता एक दिवसाआड पट्टी बदलायला दुसरी नर्स येते. सिस्टरांनी इस्पितळात हलवा म्हणून सांगितलं, तर मालक रुमालामागून म्हणाले, "बघू. लग्नसराईचं काम अंगावर आहे." आणि सूनबाईंनी जिन्यात उभं राहून, खाली गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला सांगितलं, "तुमच्या मावशी होत्या तेव्हा हे नव्हतं. तुम्ही आलात आणि हे सुरू झालं. आमच्या आई तुमच्या हाताखाली सडल्या." तेरा मार्चला सिस्टर येतील तेव्हा माझा लेखी जबाब आणि सगळ्या वह्या नेणार आहेत. केंद्रात ठरेल. जखम माझ्या हातून झाली असं ठरलं तर माझं नाव गेलं.

सगळ्या वह्या म्हणाल्या म्हणून मी तुझ्याही काढल्या. झुरळं नव्हती.

दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी. सगळं एका अक्षरात, एका शाईत. मला वाटलं, मावशी किती टापटिपीची. मग फाइलमध्ये इस्पितळातून सोडल्याचा कागद सापडला. छातीत कफ झाला म्हणून बाईंना चौदा जानेवारीला, मंगळवारी, दाखल केलं आणि सतराला घरी आणलं. वहीत पंधरा जानेवारी आहे. सोळाही आहे. सकाळी आठ, डावी. दहा, पाठ. बारा, उजवी. संध्याकाळपर्यंत. खाली तुझी सही. 'त्वचा ठीक.'

मावशी, त्या दोन्ही दिवशी हा पलंग रिकामा होता. तू कोणाची कूस बदललीस?

ढमी

•

५ मार्च

ढमे,

तुझं पत्र आलं तेव्हा वर्ग चालू होता. मी मुलींना सांगितलं, बाहुलीला डाव्या कुशीवर घ्या, आणि आत जाऊन वाचलं.

तारखेची चूक होते. माणूस थकतं.

हे वाक्य लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता लिहिते.

मी सोमवारी अख्ख्या आठवड्याचं लिहून ठेवत असे. त्या सोमवारीही लिहिलं. मंगळवारी त्यांना नेलं. खोडायचं राहिलं. नोव्हेंबरपासून मी बाईंची कूस बदललेली नाही.

तोंड धुवायचे, केस विंचरायचे, भरवायचे, खालचं पुसायचे, सगळं करायचे. ते तुकडे असतात. हात असतो, पाय असतो, तोंड असतं. कूस बदलताना तसं नसतं. एक हात मानेखाली घालायचा, एक मांडीखाली, आणि आपल्याकडे ओढायचं. सगळं माणूस अंगावर येतं. छातीला छाती लागते.

तीस वर्षं माझ्या हाताखाली आलेली सगळी माणसं माझ्याहून मोठी होती. किळस यायची, पण ती त्यांची यायची. बाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. मला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सुनेने औषधाच्या कागदावर वय लिहिलं तेव्हा वाचलं. त्याच दुपारी मी त्यांना ओढून घेतलं आणि त्यांचं लोंबणारं पोट माझ्या पोटाला लागलं. तसंच होतं. काखेखालचं कातडं तसंच. मी त्यांना सोडून दिलं. पाडलं नाही, सोडलं. खुर्चीत बसले आणि वहीत 'डावी' लिहिलं. दोन तासांनी 'पाठ' लिहिलं. लिहिलं की केल्यासारखं वाटतं, हे तुला खोटं वाटेल.

डिसेंबरात डाग दिसला. कापूस ठेवला, पावडर टाकली. गुडघे दुखत होते हेही खरं आहे. पण तेवढे नाही.

तुला तिथे का पाठवलं, हे तू विचारणार. तू तरुण आहेस. तू न चुकता कूस बदलशील हे मला माहीत होतं. वाटलं, तुझ्या हाताने भरून येईल आणि कोणाला काही कळणार नाही. जखम एवढी आत गेली असेल हे मी बघितलं नव्हतं. बघण्यासाठी कूस बदलावी लागते.

वह्या देऊ नकोस. तू नवी आहेस, चुकलं म्हण, समज देऊन सोडतील. मला हा वर्ग आहे, बाकी काही नाही. आणि लिहिताना लाज वाटते, पण तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं कोणी केलं ते तू विसरली नसशील.

मावशी

•

७ मार्च

मावशी,

आईचं तू केलंस. आठवतं. म्हणून अजून वह्या कपाटात आहेत.

बारा तारखेला, बुधवारी, इथे ये. दुपारी दोनला मालक माल पोचवायला जातात, सूनबाई काउंटर सोडू शकत नाहीत. बसने तीन तास लागतात, तुझे गुडघे तेवढे सोसतील. हात धू. माझ्याबरोबर बाईंची एकदा कूस बदल. पट्टी उघडते, बघ. आणि जे मला लिहिलंस ते त्यांना सांग. त्या तीनच शब्द बोलतात, पण ऐकू सगळं येतं. तुझ्यापेक्षा जास्त.

एवढं केलंस तर काय करायचं ते मी त्यांना विचारीन. त्यांच्या हो-नकोवर ठरेल. केलं नाहीस तर तेराला वह्या सिस्टरांच्या हातात.

तुझी पत्रं मी पलंगाच्या गादीखाली ठेवत होते. काल काढली. त्यांनाही तो वास लागला आहे. पत्राला नाक लावून बघितलं आणि तुझा वास कुठला ते कळेना.

ढमी

•

१२ मार्च, दुपारी, खालच्या दुकानातून

ढमे,

बसला अजून पाऊण तास आहे. सुनेने स्टूल दिलं बसायला, पाणी दिलं. हे पाकीट तिच्याकडे ठेवून जाते.

मला गाडी लागली होती. तीन तास बस, वर सकाळपासून पोटात काही नाही. तू बघितलंस ते त्यामुळे. वासामुळे नव्हे, त्यांच्यामुळे तर नव्हेच. मी आले, हे लक्षात घे. कोणीही आलं नसतं. हात धुतले, पलंगापर्यंत गेले. पट्टी तू एकदम उघडायला नको होतीस, आधी सांगायचं. वर्गात मी नेहमी सांगते, आधी सांगावं.

बाईंनी मला ओळखलं का? मला वाटतं नाही ओळखलं.

मी आले म्हणजे अर्धं केलं असं धर. वह्यांचं काय करतेस ते विचार करून कर. मी आणखी काही मागत नाही.

सून चांगली आहे गं. माझी चौकशी करत होती.

मावशी

•

२४ मार्च

मावशी,

वह्या दिल्या. तुझ्या दोन आणि माझी एक. माझ्या जबाबात लिहिलं की सव्वीस दिवस मी बघून खोटं लिहिलं. तुझ्याबद्दल काही लिहिलं नाही, फक्त इस्पितळाचा कागद पंधरा जानेवारीच्या पानात घालून दिला. सिस्टरांनी ते पान उघडलं. तुझ्या सहीखाली त्यांची सही आहे. ती बराच वेळ बघितली, मग तिन्ही वह्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "पाणी द्या."

तुला गाडी लागली नव्हती. आल्याआल्या तू एक कप चहा घेतलास आणि माझ्या हातच्या चहाला नावं ठेवलीस. पट्टी मी सांगून उघडली. तू एक हात त्यांच्या मानेखाली घातलास, दुसरा घालायला वाकलीस आणि त्यांच्या उशीवर ओकलीस. त्यांच्या केसांतही गेलं. मग तू मागे सरकत भिंतीला टेकलीस. त्यानंतर काय झालं ते तू बघितलं नाहीस, कारण तू दाराकडे चालली होतीस. त्यांनी उजव्या हाताने चादर ओढली. आधी पोटावर, मग छातीवर, मग हनुवटीपर्यंत. त्या स्वतःला झाकत होत्या. ओळखलं की नाही विचारतेस. नसतं ओळखलं तर झाकलं नसतं.

त्यांचे केस मी तीन पाण्यांनी धुतले. मला त्यांची किळस आली नाही असं म्हणणार नाही. आली. तुझी त्याहून जास्त आली. एका खोलीत दोन किळसा एकदम येतात तेव्हा हात बरोबर चालतात, हे तुझ्या वर्गात शिकवत नसतील.

तेराला सिस्टरांनी मालकांना सांगितलं, आज हलवलं नाही तर मी लेखी देते. तेव्हा कुठे स्ट्रेचर आलं. जिना अरुंद, म्हणून दुकानातून न्यावं लागलं. काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. एकीने घडीची साडी नाकाला लावली. मालकांनी शटर अर्धं ओढलं, आम्ही बाहेर पडण्याच्या आधी. वाकून काढावं लागलं त्यांना.

तुझा वर्ग बंद झाल्याचं कळलं. माझं नाव यादीत राहिलं, पण सहा महिने कोणाच्या घरी एकटीला पाठवणार नाहीत. जी जखम झाली ती माझी नाही असं ठरलं. जी लपवली ती माझी ठरली. बरोबर आहे.

शस्त्रक्रिया झाली. मेलेलं सगळं कापून काढलं. जगतील म्हणतात, पण बसता येणार नाही. काल भेटायला गेले होते. तिथे दोन नर्सेस पडदा ओढतात, चाळीस मोजेपर्यंत कूस बदलून पडदा सारतात. बोलत नाहीत, तोंडही वाकडं करत नाहीत. मी बाहेर बाकावर थांबले. सूनबाई तिथेच होत्या. त्यांना सिस्टरांनी सगळं सांगितलं होतं, वह्यांचं, तारखांचं, नोव्हेंबरपासूनचं. मला वाटलं, आता माझी माफी मागतील. मी त्यासाठी चेहराही नीट करून ठेवला होता.

त्या म्हणाल्या, "घरी आणल्यावर परत कोणीतरी लागेल ना?"

मी म्हटलं, "लागेल."

"तुम्हाला तर आता पाठवणार नाहीत म्हणे."

"नाही पाठवणार."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी मोडली, परत घातली. मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "तुमच्या मावशी येतील का हो? वहीत काय लिहिलं ते लिहिलं. पण त्या होत्या तेव्हा खोलीत कधी वास नव्हता."

मी म्हटलं, विचारते.

म्हणून हे पत्र. उत्तर त्यांना पाठव, मला नको.

ढमी